बिनटाचणीची गौर

सूनबाईंनी पुस्तक हातात ठेवलं तेव्हा मुखपृष्ठ बघूनच माझ्या कपाळाला आठी पडली. काळाकुट्ट रंग, लोखंडी गज आणि गजांमागून बघणारा एकच डोळा. दुसरा डोळा कुठे गेला देव जाणे.

“आई, तुमच्याच विषयावर आहे,” मृणाल म्हणाली. “मेंटल हॉस्पिटलवरची कादंबरी. आमच्या वाचनकट्ट्यावर या महिन्यात हीच घेतलीये. तुम्ही वाचा आणि रविवारी येऊन बोला. आणि हे बघा, हॉलमध्ये पंख्याखाली आरामात बसून वाचायचं. स्वयंपाकघरात यायचं नाही.”

मी बसले. रिटायर झाल्यापासून डोंबिवलीच्या या फ्लॅटमधला सोफा हीच माझी ड्युटीची जागा आहे. पुस्तक अजून संपलेलं नाही, जेमतेम पाव भाग झालाय. पण तेवढ्यातच डोक्यात इतकं काय काय उठलं की या अंकाच्या संपादकांना ‘माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही हो’ म्हणून दिलेला नकार मी परवा फोन करून मागे घेतला. तेव्हा हे परीक्षण वगैरे समजू नका. अर्धवट वाचून बडबडणाऱ्या बाईचं हे लिखाण आहे.

मी परब सिस्टर. ठाण्याच्या एका टोकाला एका ट्रस्टचं मनोरुग्णांचं हॉस्पिटल आहे, तिथे बायकांच्या वॉर्डात माझी सगळी नोकरी गेली. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही. नोकरी लागली तेव्हा सासूबाई शेजारणींना ‘सून नर्स आहे’ एवढंच सांगायच्या, पुढचं गिळायच्या. कारण उभ्या महाराष्ट्रात कुणी जरा वेडंवाकडं वागलं की ‘याला ठाण्याला पाठवा रे’ म्हणायची पद्धत, आणि मी तर रोज सकाळी डबा घेऊन आपल्या पायांनी ठाण्याला जाणारी! लग्नाकार्यात ओळख करून दिली की समोरचा हमखास विचारायचा, “मग तुमच्यावर काही परिणाम नाही ना झाला?” मी म्हणायचे, “झालाय ना. शहाण्यांशी बोलायचा कंटाळा येतो.”

तर कादंबरी. पहिल्याच पानावर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळतो. दुसऱ्या पानावर किंकाळी. तिसऱ्यावर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशात एक नर्स, हातात इंजेक्शन आणि ओठांवर ‘थंड हसू’. डोंबल थंड हसू! आम्हाला हसायला वेळ कुठे होता? आमच्या वॉर्डातला सगळ्यात मोठा आवाज किंकाळीचा नव्हताच. तो जेवणानंतर धुवायला पडलेल्या स्टीलच्या ताटांचा होता. त्याच्या खालोखाल टीव्हीवर कुठली मालिका लावायची यावरून होणाऱ्या भांडणाचा. भिंतीपलीकडून कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, हे तर आमच्याच घरातलं चाललंय.

लोकांना वाटतं वेड्यांची नर्स म्हणजे धरपकड. तसे प्रसंग यायचे, नाही म्हणत नाही. माझ्या मनगटावर दातांची एक खूण अजून आहे. पण खरं काम म्हणजे नखं कापणं, उवा काढणं, ‘आंघोळ केलीस का गं?’ म्हणून मागे लागणं. गोळी दिली की समोर पाणी प्यायला लावायचं, मग ‘आ कर, जीभ वर कर’. गोळी गालात, जिभेखाली, हिरडीमागे लपवण्यात काहीजणी इतक्या पटाईत की जादूच्या खेळात नोकरी मिळाली असती. वॉर्डात टाचणी, सेफ्टीपिन, सुई, काचेची बांगडी येऊ द्यायची नाही. कुणी स्वतःला टोचून घेईल, कुणी दुसरीला. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे लक्ष ठेवायचं. कोण काल जेवली नाही, कोण एकाएकी गप्प झाली, कोण उगाच फार हसतेय. डॉक्टर राउंड घेऊन जातात. दिवसभर त्यांच्यात राहते ती सिस्टर.

गिऱ्हाइकं एकेक भारी असायची. कल्याणच्या एका शाळेतल्या बाई होत्या. त्यांची पक्की खात्री की पेशंट मी आहे आणि त्या मला तपासायला आल्यात. रोज सकाळी माझी नाडी बघायच्या. “झोप लागली का? घरी भांडण झालं का? डबा नीट खाता ना?” मीही निमूट हात पुढे करायचे. खरं सांगू? माझी झोप झाली का हे विचारणारं घरी दुसरं कुणी नव्हतं. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या तेव्हा आनंद झालाच, पण पुढे कितीतरी दिवस सकाळी वॉर्डात शिरले की चुकल्यासारखं व्हायचं.

कादंबरीचा नायक आल्यापासून भिंत ओलांडून पळायचा बेत करतोय. वाचनकट्ट्यावरच्या मंडळींना हे फार आवडलंय म्हणे. मला हसूच आलं. अरे बाबा, आमच्याकडे पळून जायचे ते नातेवाईक! ‘पाण्याची बाटली घेऊन येतो’ म्हणून गेलेला नवरा पुन्हा दिसायचा नाही. मोबाइल बंद. दिलेला पत्ता खोटा. एकदा एका बऱ्या झालेल्या बाईला घेऊन मी आणि आमच्या सोशल वर्कर विठ्ठलवाडीला गेलेलो. स्टेशनपासून जवळच, पिठाच्या गिरणीमागे घर, असा पत्ता होता. गिरणी होती. गिरणीवाल्यानं सांगितलं, ते लोक घर विकून गेले, कुठे गेले ठाऊक नाही. ती बाईच म्हणाली, “चला सिस्टर, जेवणाची वेळ झाली.” परत येताना रिक्षात ती मला धीर देत होती, बोला आता.

असं तोंड वाकडं करत करत मी वाचत होते, तेवढ्यात एका पानावर अडकले. कादंबरीत एक बाई आहे. लेखकानं तिला नाव दिलेलं नाही, नुसती ‘खिडकीतली’ म्हणतो. रोज केस विंचरून, पिशवी भरून ती खिडकीत बसते आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते, “आज माझा भाऊ येणार.” मृणाल म्हणाली, “तो तिचा भ्रम आहे ना आई? किती छान दाखवलाय.”

मी म्हटलं, “भ्रम कसला गं? भाऊ येणार असं वाटणं हा आजार आहे का?”

पण त्या खिडकीतलीनं मला हिराकडे नेलं ते नेलंच. आणि पुस्तक तिथेच राहिलंय.

हिरा माजिवड्याची. हायवेच्या चौकात आता पुलावर पूल चढलेत, पण आत जुनं आगरी गावठाण आहे, तिथली. तिच्या लहानपणी घरची भातशेती होती, आईबाप खाडीकडच्या मिठागरात राबायचे. पुढे जमिनींना भाव आला, गावात टॉवर उठले आणि हिराच्या भावानं तीन मजली बंगला बांधला. तोवर हिराचं लग्न होऊन मोडलेलं होतं. पहिलं मूल जन्मतःच गेलं आणि तिला आवाज ऐकू यायला लागले. सासरच्यांनी माहेरी आणून टाकलं. माहेरी अंगारेधुपारे झाले, देवऋषी झाले. शेवटी ती हायवेवर गाड्यांमध्ये जाऊन उभी राहायला लागली, तेव्हा भावानं आमच्याकडे आणली.

औषधांनी आवाज गेले. वेळ लागला, पण गेले. उरली ती एक साधी, कामसू, जरा तिखट जिभेची बाई. वॉर्डातल्या सगळ्यांच्या वेण्या तीच घालायची. डॉक्टर म्हणायचे, “हिराला इथे ठेवण्यासारखं काही नाही. घरी राहून गोळ्या घेतल्या की झालं.”

भाऊ दामोदर वाईट माणूस नव्हता हे मला आधीच सांगायला हवं. आडदांड गडी, गळ्यात जाड चेन, पण बहिणीचं नाव काढलं की डोळे भरायचे. म्हणायचा, “सिस्टर, माजी ना नाय. पन पोरीचं लगीन जमतंय. घरात अशी बाई हाय कळलं तर कोन सोयरीक करल? पोरगी उजवली की नेतो.” पोरगी उजवली, तर मुलाचं निघालं. मुलाचं झालं, तर नवी सून घाबरेल. दर वेळी त्याचं म्हणणं खोटं नसायचं, हीच तर पंचाईत.

मात्र गौरीला तो न चुकता यायचा. गौर म्हणजे माहेरवाशीण, तीन दिवसांची. त्यांच्या घरी तेरड्याची गौर बसते. तेरड्याची जुडी बांधायची, तिला मुखवटा लावायचा आणि मग साडी नेसवायची. त्या जुडीला ना खांदा ना कंबर! साडी घसरायचीच. सगळे टाचण्या मारून वेळ भागवतात. पण हिराच्या आईची रीत अशी, की गौर घरची लेक, तिच्या अंगाला टाचणी टोचायची नाही. नुसत्या निऱ्या, गाठी आणि खोचणं, यावर साडी उभी राहिली पाहिजे. ही कला आईकडून फक्त हिरानं घेतली होती. वहिनीला जमायचं नाही. एक वर्ष हिरा फार आजारी होती म्हणून वहिनीनं नेसवली, तर ऐन जेवणाच्या दिवशी पाहुण्यांसमोर गौरीचा पदर सुटला. तेव्हापासून ‘हिराला आणा’ हे घरात ठरूनच गेलं.

श्रावण सरत आला की हिराची आमच्याकडे तालीम सुरू व्हायची. सलाइनचा स्टँड घ्यायची, त्याला उशा बांधायची आणि बेडवरची चादर नेसवायची. टाचणी तर वॉर्डात मिळायचीच नाही! “बगा सिस्टर,” ती म्हणायची, “माजे आयशीचा आन तुमचा कायदा एकच हाय.” बाकीच्या बायका भोवती कोंडाळं करून बसायच्या. कुणी हसायचं, कुणी फुगडी घालायचं, त्या शाळेतल्या बाई निरीला मार्क द्यायच्या. मेट्रन बघून न बघितल्यासारखं करून निघून जायच्या.

मग भाऊ गाडी घेऊन यायचा. तीन दिवस हिरा माहेरी. गौर गेली की दुसऱ्या दिवशी परत. अंगावर नवी साडी, ओटीचा नारळ, हातात हिरवा चुडा आणि वॉर्डासाठी डबा. आगऱ्यांची गौर तिखट खाते, त्यामुळे डब्यात चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण असायचं. अहाहा, काय कालवण ते! पण चुडा काचेचा. तो गेटवरच काढून ठेवावा लागायचा. ते काम माझ्याकडे यायचं. साबण लावून एकेक बांगडी उतरवायची. हिरा हात माझ्या हातात देऊन दुसरीकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, “गौर पन गेली, मी पन आले. तिला तलावात सोरतात, मना हितं.” मी काहीतरी थट्टा केली आणि विषय टाळला. आमच्या धंद्यात थट्टा फार उपयोगी पडते.

तिच्या मनात काय होतं ते तिनं मला एकदा वेणी घालता घालता सांगितलेलं. “मी गौर अशी नेसवीन, अशी नेसवीन, की वैनीच बोलल, राव दे हिला आता.” म्हणजे ती सण करायला जात नव्हती हो. दर वर्षी परीक्षेला बसायला जात होती. आणि दर वर्षी पास होऊन परत येत होती.

शेवटी एकदाचा तो योग आला. सुनेचं बाळंतपण पार पडलं, घर स्थिरस्थावर झालं आणि दामोदर स्वतःहून डॉक्टरांसमोर येऊन बसला. बरोबर वहिनीही. मी बाजूला उभी होते. “या गौरीला नेतो ती कायमचीच,” तो म्हणाला. “वरच्या माळ्यावर खोली केलीये. पंखा, टीव्ही, न्हाणीघर आतच.” वहिनीही मान हलवत होती. मला वाटलं, देव पावला! डॉक्टरांनी गोळ्या समजावल्या आणि मग आमचं ठरलेलं वाक्य म्हटलं. प्रत्येक नातेवाइकाला म्हणतात तेच. “एक लक्षात ठेवा, तिला ताण देऊ नका. कामाचा बोजा टाकू नका. आराम द्या.”

दामोदरनं हात जोडले. “डागदर, बोटाला पानी लागून देनार नाय.”

वॉर्डात लग्नघर झालं. कुणी हिराला रुमाल दिला, कुणी आपला कंगवा. ती सगळ्यांना बजावत होती, “वेणी घट घाला गो, मी नाय आता.” मी गेटपर्यंत सोडायला गेलेले. ती गाडीत बसली, काच खाली केली आणि म्हणाली, “सिस्टर, औंदा चुडा काडायला नाय येनार हं मी.” मी पदराला डोळे पुसले. सगळ्यांसमोर, लाज न बाळगता.

गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ड्युटीवर होते. गेटवरून वॉचमनचा फोन आला. “सिस्टर, तुमची हिरा आलीये.”

धावत गेले. हिरा पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसलेली. हिरवा चुडा तसाच. आणि दामोदर गेटच्या खांबाला टेकून लहान मुलासारखा रडत होता. मला बघितल्याबरोबर म्हणाला, “सिस्टर, आईशपथ, मी टाकली नाय हिला! हीच राहत नाय!”

करायला गेले एक आणि झालं भलतंच, त्यातलीच गत. डॉक्टरांचा शब्द भावानं अक्षरशः पाळला होता. हिराला त्रास नको, तासन्‌तास उभं राहून गौर नेसवणं नको, म्हणून तो खास कल्याणच्या बाजारात गेला आणि तयार गौर घेऊन आला. फायबरचा सांगाडा, शिवलेली साडी, शिवलेला पदर, मागून चेन. फक्त उभी करायची. तीही त्यानं हिरा यायच्या आधीच उभी करून ठेवली, लाइटिंगसकट. केवढा महाग तो ऐवज! बहिणीवरच्या मायेनं आणलेला. हिरा दारातून आत आली, पायावर पाणी घेतलं आणि समोर बघते तर गौर नेसून तयार.

वहिनी म्हणाली, “ये गो बाय, बस. तुना आता काय करायचा नाय.”

ती बसली. सोफ्यावर. तीन दिवस तिला कुणी इकडची काडी तिकडे करू दिली नाही. भाजी चिरायला घेतली तर सून येऊन हातातून घ्यायची, “आत्या, तुम्ही बसा.” चिंबोऱ्या साफ करायला गेली तर वहिनी म्हणाली, “अगो, डागदर ओरडल.” पाहुणे आले, गौरीचं कौतुक केलं, फोटो काढले. हिरानं बाजूला होऊन जागा करून दिली. गौर गेली, त्या रात्री ती वरच्या नव्या खोलीत झोपली आणि सकाळी पिशवी घेऊन खाली आली. भावाला म्हणाली, “चल, सोर मना.”

हे सगळं मला दामोदरनं गेटवर सांगितलं. मी हिराच्या शेजारी बसले. “हिरा, अगं खोली केलीये तुला. सगळे राहा म्हणतायत. इतकी वर्षं हेच हवं होतं ना गं तुला?”

ती म्हणाली, “त्या घरान माजा काम काय हाय, सिस्टर?”

“काम नसलं म्हणून काय झालं? घर आहे तुझं.”

“पावनी पन तीन दिवसांनी जाते,” ती म्हणाली आणि दोन्ही हात माझ्यापुढे केले. चुडा काढायला.

मी साबण आणायला आत गेले ती बराच वेळ बाहेर आलेच नाही. मोरीपाशी उभी राहून रडून घेतलं. राग कुणावर काढायचा हेच कळेना. दामोदरवर? त्या बिचाऱ्यानं तर मायेची हद्द केली होती. डॉक्टरांवर? ते वाक्य मीही हजारांना ऐकवलेलं, नर्सिंगच्या पुस्तकात तेच लिहिलेलं. आराम द्या. ज्या बाईकडे जगात एकच गोष्ट होती, जी तिच्याशिवाय कुणाला येत नव्हती, तीच आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या हातातून प्रेमानं काढून घेतली. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. म्हणूनच ते अजून टोचतं. पाप असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

डॉक्टरांनी भावाला बोलावून पुन्हा समजावलं. मीही सांगितलं, “तिला काम द्या, भांडा तिच्याशी, चुकलं तर ओरडा, पण सोफ्यावर बसवू नका.” दामोदरला पटलं. पुढच्या वर्षी त्यानं ती तयार गौर कुणाला तरी देऊन टाकली, तेरडा आणला आणि गाडी घेऊन दारात हजर झाला. हिरा त्याच्याशी नीट बोलली, त्याच्या नातीची चौकशी केली. पण उठली नाही.

“नको रे दादा,” ती म्हणाली. “वैनीचे पाय दुखतान. ती तयार गौरच बरी. कोनाच्या मागं कटकट नाय.”

“मी तुज्यासाठी देऊन टाकली ती!”

“माज्यासाठी नको करू काय.”

एवढंच. ती चिडली असती, रडली असती तर मी काहीतरी केलं असतं. माणूस रागावलं की त्याची समजूत काढता येते. हिरा रागावलेली नव्हती. तिनं परीक्षेला बसायचंच सोडून दिलं होतं. दामोदर तेरड्याची जुडी मांडीवर घेऊन व्हिजिटरच्या बाकावर बसून राहिला. मग हिरानंच ती त्याच्या हातातून घेतली. सलाइनचा स्टँड आणला, जुडी बांधली आणि त्यानं आणलेली नवी साडी वॉर्डातल्या गौरीला नेसवली. टाचणी न लावता. बायकांनी फेर धरला. भाऊ दाराबाहेरून बघत होता, कारण बायकांच्या वॉर्डात पुरुषांना प्रवेश नाही. निरीला मार्क द्यायला त्या शाळेतल्या बाई तेव्हा नव्हत्या, मला त्यांची आठवण आली.

तेव्हापासून आमच्या वॉर्डात गौर बसते. बाहेरून कुणी बघायला आलं तर म्हणेल, वा, किती छान उपक्रम! आणि वॉर्डातल्या बायकांना तीन दिवस खरंच सुख असतं, ते मी नाकारत नाही. पण ती गौर माजिवड्याच्या घरातली होती, हे मला माहीत आहे ना. त्या गौरीला हात जोडताना मी एकाही वर्षी मान वर केली नाही.

तर असं आहे. कादंबरीत खिडकीतलीचा भाऊ आता गेटपाशी आलाय. तिथे मी खूण घालून पुस्तक मिटलंय. मृणाल म्हणते, “वाचा ना पुढे, शेवट गोड आहे, तो तिला घरी नेतो.” म्हणजे मला सांगून टाकला की शेवट! रविवारी कट्ट्यावर मी काय बोलणार आहे ते ठरलंय. लेखक पोरसवदा आहे, येणार आहे म्हणे. किल्ल्या, किंकाळ्या, थंड हसू, सगळं माफ करून मी त्याला एकच विचारणार आहे. बाळा, ती घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करते, तेवढं लिहिलंयस का रे?

हे लिहिता लिहिता मघाशी स्वयंपाकघरातून वालाचा वास आला. बिरडं माझ्या हातचं चांगलं होतं. आमच्या कोकणातल्या घरी भिजवून मोड आणलेले वाल सोलत बसणं हे म्हाताऱ्यांचं काम, आणि ते करता करता सगळ्या घराचं राजकारण चालायचं. मी उठले, म्हटलं सोलायला घ्यावेत. ओट्यावर प्लॅस्टिकची पिशवी होती, मार्केटमधून आणलेली.

“सोललेलेच आणले, आई,” मृणाल हसून म्हणाली. “तुम्हाला त्रास नको. आयुष्यभर उभ्या राहिलात, आता तुम्ही बसा.”

पोर गुणाची आहे हो. तिच्याविरुद्ध एक शब्द बोलायची नाही मी. येऊन सोफ्यावर बसले.

निवृत्तीच्या दिवशी हिरानं माझी वेणी घातली होती. पांढऱ्या केसांची शेपटी कसली, पण तिनं ती हट्टानं घातली, नेहमीसारखी घट्ट. बाहेर निरोपाची भाषणं, चहा, शाल, सगळं उरकलं होतं. वेणी संपवून तिनं माझे खांदे धरून मला आपल्याकडे वळवलं आणि पेशंटकडे आम्ही बघतो तसं निरखून बघितलं.

“सिस्टर,” ती म्हणाली, “घरा तुमच्यासाठी काम ठेवलाय ना कोनी?”

“ठेवलंय गं,” मी म्हटलं. “ढीगभर ठेवलंय.”